फाईल गेली, फी राहिली

विधी सेवेचा, म्हणजे आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालेला फौजदारी खटला एका पॅनेल वकिलाकडून (विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरच्या वकिलाकडून) मध्येच दुसऱ्याकडे गेला, तर पहिल्याने केलेल्या कामाचे पैसे त्याला फाईल सोपवतानाच मिळायला हवेत. बार रूममध्ये हे म्हटलं की कोणीतरी हमखास बोलतं, "विधी सेवेत पैशासाठी येतं का कोणी?" असं बोलणारा बहुतेक वेळा स्वतः कधीच पॅनेलवर नसतो. आणि मुळात हा प्रश्न वकिलाच्या खिशापुरता नाही. आरोपीचा उलटतपास नीट होतो की नाही, ते यावर अवलंबून असतं.

आधी कायद्याचं बघू. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1978 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट लिहिलं की नेमलेल्या वकिलाला न्यायालय ठरवेल ती रास्त रक्कम राज्याने द्यायची, कारण माणसाला गजाआड टाकणारी प्रक्रिया राज्यानेच सुरू केलेली असते. पुढे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला, तो 1995 मध्ये लागू झाला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू लागला. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत तर फीची सोयही आहे: राज्य प्राधिकरणाने मंजूर केलेल्या दरपत्रकाप्रमाणे, आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल आला की विलंब न लावता. पक्षकाराकडून मात्र एक रुपयाही घ्यायचा नाही. तेही योग्यच.

पण काम पूर्ण झाल्यावर, इथेच घोडं पेंड खातं. निकाल लागेपर्यंत जो उभा राहिला त्याचा अहवाल जातो, त्याचं बिल निघतं. जो मधल्या टप्प्यावर थांबला त्याचं काम पूर्ण झालं म्हणायचं की नाही? दरपत्रक राज्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे सगळीकडे एकच चित्र असेल असं नाही. माझ्या पाहण्यात मात्र पहिल्या वकिलाचं बिल "केस पेंडिंग आहे" एवढ्या शेऱ्यावर परत येतं. मग खटला आणखी काही वर्षं चालतो आणि तो माणूस पाठपुरावा सोडून देतो.

खटला हातातून जायला कारणंही साधी असतात. कोणी परीक्षा देऊन न्यायाधीश होतं, कोणी सहायक सरकारी वकील होतं, कोणी आजारी पडतं. दोन आरोपींचा बचाव एकमेकांच्या विरोधात जातोय हे उशिरा लक्षात येतं. कधी आरोपीचाच विश्वास उडतो आणि तो तुरुंगातून अर्ज पाठवतो. यातल्या बहुतेक कारणांत वकिलाने कामात कुचराई केलेली नसते.

आता नुकसान नेमकं कुठे होतं ते सांगते. खुनाच्या एका खटल्यात चार साक्षीदार तपासून झाल्यावर फाईल माझ्याकडे आली. दोषारोपपत्राची झेरॉक्स, त्यातले पंचनामे जेमतेम वाचता येणारे. फिर्यादीच्या भावाच्या जबाबाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं: "विसंगती, पान 3". बस्स, एवढंच. कोणती विसंगती? पानावर दहा वाक्यं होती. आधीच्या वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बिल परत पाठवलंय त्यांनी. नोट्स कुठून देऊ? काय विचारायचं ते विचारा, आठवलं तर सांगतो." त्यांना आठवलं नाही, आणि मला त्यांचा रागही आला नाही.

वकिली न करणाऱ्यांसाठी थोडं उलगडून सांगते. साक्षीदाराने कोर्टात सांगितलेलं पोलिसांपुढच्या जबाबाशी जुळत नसेल, तर त्याला तो भाग दाखवून विचारावं लागतं. तेवढ्यावर काम संपत नाही. पुढे तपास अधिकारी साक्षीला आला की त्याच्याकडून "हो, साक्षीदाराने तेव्हा असंच सांगितलं होतं" हे वदवून घ्यावं लागतं. म्हणजे एकच धागा, अर्धा आज आणि अर्धा कदाचित दीड वर्षाने. मधे वकील बदलला आणि पहिला अर्धा कुठे संपला हे दुसऱ्याला कळलंच नाही, तर विसंगती सिद्ध होत नाही. पुराव्यात ती नसल्यातच जमा.

साक्षीदार परत बोलवा म्हणाल, तर ते दारही अरुंद आहे. दिल्लीच्या शिवकुमार यादव खटल्यात, म्हणजे उबर टॅक्सीतल्या बलात्काराच्या प्रकरणात, उच्च न्यायालयाने 13 साक्षीदारांना पुन्हा बोलवायची परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती रद्द केली. नवा वकील आला एवढ्या कारणावर साक्षी पुन्हा होणार नाहीत, असं बजावलं. पीडितेला आणि साक्षीदारांना दोनदा पिंजऱ्यात उभं करू नये, हे मला पटतं. पण मग पहिल्या वकिलाकडून दुसऱ्याकडे काय पोचतं, यावरच सगळं येऊन ठेपतं.

26/11 च्या खटल्यात कसाबच्या बचावाचे वकील 2009 या एकाच वर्षात बदलत गेले. अंजली वाघमारे, मग अब्बास काझमी, मग के. पी. पवार. पवार आधी काझमींच्याच मदतीला होते, त्यामुळे धागा तुटला नाही. सगळ्या देशाचं लक्ष असलेल्या खटल्यात हे जमतं. जिल्ह्याच्या ठिकाणी दारूच्या भांडणातून झालेल्या मारामारीच्या खटल्यात वकिलासोबत ज्युनियर कुठून असणार?

यावर नेहमीचा आक्षेप असा की दोघांना पैसे द्यायचे म्हणजे सरकारला एकाच खटल्याचा दुप्पट भुर्दंड, आणि चार तारखा करून फाईल टाकणाऱ्यांचं फावेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण टप्प्याने पैसे दिले की तो राहत नाही. इंग्लंडमध्ये क्राउन कोर्टातल्या सॉलिसिटरसाठी सरळ टक्केवारी आहे: खटला कोणत्या टप्प्यावर हस्तांतरित झाला त्यावरून जुन्याचा आणि नव्याचा वाटा ठरतो. तिथलेही वकील दरांवरून कुरकुरतातच, ते सोडा. निदान हिशोब आधी माहीत असतो.

2022 पासून लोक अभिरक्षक, म्हणजे विधी सेवेचे स्वतःचे बचाव वकील आले. पूर्णवेळ, महिन्याचं मानधन, खासगी वकिली बंद. त्यांच्यापुरता फी वाटण्याचा प्रश्न मिटला आणि योजना मला आवडते. पण नेमणूक सुरुवातीला दोन वर्षांची, पुढे वर्षावर्षाने वाढणारी. सत्र खटला त्याहून लांबला की फाईल पुन्हा नव्या टेबलावर. पैशाचा वाद गेला तरी समासातली पेन्सिल तिथेच.

म्हणून माझं म्हणणं असं की सोपवणं हेच एक काम धरा आणि त्याचे वेगळे पैसे लावा. पहिल्या वकिलाने दोन पानी टिपण द्यायचं: कोण साक्षीदार झाले, कोणते भाग दाखवले, तपास अधिकाऱ्याला काय विचारायचं राहिलं, आरोपीचं नेमकं म्हणणं काय. टिपण दाखल झालं की त्याची झालेल्या टप्प्यांची फी आणि टिपणाची फी त्याच महिन्यात. टिपण नाही, तर सोपवण्याची फी नाही. नव्या वकिलाला वाचायला वेळ हवा. अनोखीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये जन्मठेप किंवा फाशी होऊ शकणाऱ्या प्रकरणांत तयारीला साधारण किमान 7 दिवस सांगितलेच आहेत. यासाठी कायदा बदलायला नको. दरपत्रक राज्य प्राधिकरणच मंजूर करतं, त्यात दोन ओळी वाढवायच्या आहेत.