गाठोडं उचलण्याआधी

थंडी पडली की इंदुरातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर ठरलेले फोटो फिरायला लागतात. सरवटे बस स्टँडबाहेर नाहीतर एम.वाय. हॉस्पिटलच्या भिंतीशी अंगाची मुटकुळी करून झोपलेली माणसं, आणि खाली कुणाची तरी कॉमेंट: ‘निगमला (म्हणजे महापालिकेला) कळवा, उचलून नेतील.’ (शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक ज्याच्या अंगावर रजई आहे त्यानेच करावं.) कांबळी वाटणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ‘उचलून नेतील’शी आहे.

कारण उचललं जातं ते आधी गाठोडं. उशाशी ते मळकट दिसतं, पण आत एकावर एक तीन प्लास्टिकच्या पिशव्या असतात आणि सगळ्यात आतल्या पिशवीत आधार, पासबुक, दवाखान्याची पर्ची, गावच्या कुणाचा नंबर लिहिलेली चिठोरी. गवंडीकाम करणारा असेल तर थापी आणि ओळंबा. पहाटे झाडूवाले यायच्या वेळी माणूस नळावर नाहीतर सुलभमध्ये गेलेला असतो. शहर स्वच्छतेत पहिलं आहे, त्यामुळे बेवारस दिसणारी वस्तू गाडीत जाते. परत आल्यावर तो माणूस सहा महिने मागे गेलेला असतो, तो कसा ते पुढे सांगतो. जानेवारी २०२१मध्ये तर निगमच्या गाडीतून म्हाताऱ्या माणसांनाच देवास रोडवर क्षिप्रा गावाजवळ नेऊन उतरवलं होतं. गावकऱ्यांनी व्हिडिओ काढला, बोंब झाली, अधिकारी निलंबित झाले. त्या व्हिडिओत माणसांबरोबर गाठोडीही दिसतात.

रस्त्यावरून बाहेर पडायचा रस्ता कागदाचा आहे, आणि त्यात क्रम चुकला की सगळं चुकतं.

पहिली पायरी रैन बसेरा, म्हणजे बेघरांचा रात्रनिवारा. माझ्या मते त्याचा खरा उपयोग छपरापेक्षा रजिस्टरचा आहे. २०१३पासूनच्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात दर लाख लोकसंख्येमागे १०० माणसांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा आणि चोवीस तास उघडं दार असं ठरलेलं होतं. २०११च्या जनगणनेतलं इंदूर वीस लाखांच्या जवळपास, म्हणजे हिशेबाने दोन हजार खाटा. त्या आहेत का, हे आपापल्या नगरसेवकाला विचारा. नवरा-बायको असतील तर एक पुरुषांकडे आणि एक बायकांकडे, म्हणून जोडपी फूटपाथच पसंत करतात. पिशवी ठेवायला कुलूप नसेल तर सामान राखायला म्हणून माणूस कामाला जात नाही. तरीही नाव नोंदवायला लावा. सलग नोंद असली की बसेऱ्याचा प्रमुख पत्र देऊ शकतो, आणि पत्ता म्हणून पुढे दाखवायला हातात काहीतरी येतं.

दुसरी पायरी आधार. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘आधार आहे का?’ असं विचारू नका. हरवलेलं असलं की माणूस ‘नाही’ म्हणतो. ‘कधी मशीनवर बोटं आणि डोळे दिलेत का?’ असं विचारा. दिले असतील तर नवीन आधार काढायला मुळीच नेऊ नका. बोटांचे ठसे जुन्याशी जुळतात, अर्ज नाकारला जातो आणि हे कळेपर्यंत कित्येक आठवडे जातात. आधार केंद्रात ठसा, नाव आणि जिल्हा यांवरून जुनं आधार शोधता येतं. फक्त जिल्हा सांगायचा तो आधार काढलं तेव्हाचा, आजचा नाही. झाबुआचा माणूस ‘इंदूर’ सांगतो आणि ऑपरेटर ‘सापडत नाही’ म्हणून पुढच्याला बोलावतो. सिमेंट कालवणाऱ्याच्या, भांडी घासणारीच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. तिथे डोळ्याच्या बुबुळाने पडताळणी करा म्हणून आग्रह धरा. बोटांवरच करायचं तर आदल्या रात्री खोबरेल तेल लावून ठेवणं आणि जाताना हात धुऊन कोरडे करणं एवढ्याने पुष्कळदा भागतं.

त्याच खेपेत मोबाईल नंबर जोडून घ्या. ७५ रुपये लागतात, कागद लागत नाही, ठसा पुरतो. पण नंबर त्याच्याच नावाच्या सिमचा हवा. मुकादमाचा नाही, आणि तुमचा तर नाहीच. उद्या बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर आला आणि तुम्ही पुण्याला लग्नाला गेलेले असलात, की झालं. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. म्हणून कांबळ देणार असाल तर त्याऐवजी रिचार्ज मारा, असं मी स्पष्टच सांगेन. कांबळी एका रात्रीत चार-चार मिळतात.

आधार कधीच निघालं नसेल तर वेगळी गोष्ट. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते तीन महिन्यांच्या आत वापरायचं. अठरा वर्षांवरच्या माणसाचा नवा अर्ज राज्य सरकारच्या पडताळणीला जातो आणि १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. सहा महिने म्हणालो ते हेच. तोवर पावती जपायची, आणि ती असते त्याच गाठोड्यात.

मग समग्र, म्हणजे राज्य सरकारची कुटुंबवार नोंद. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय सरकारी पान हलत नाही. माणूस खरगोन-खंडव्याकडचा असेल तर गावच्या कुटुंबात त्याचं नाव असतंच, ते आधी शोधा. दुसरं काढलं की दोन्ही अडकतात. जळगाव, अमरावतीकडून आलेल्यांच्या बाबतीत आपण मराठी माणसं खरोखर कामाची आहोत. महाराष्ट्रातल्या कागदावर नाव, बापाचं नाव, आडनाव असं लांबलचक असतं, इथला ऑपरेटर मधलं नाव गाळतो, आणि ई-केवायसीत ‘नाव जुळत नाही’ येतं. आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, सगळीकडे लिहायला लावा.

रेशन महाराष्ट्रातलं असलं तरी इथल्या दुकानात ठशावर मिळतं, माणशी ५ किलो. पण फूटपाथवर ते शिजवणार कशात? गहू विकले जातात आणि आपण नाकं मुरडतो. खोली मिळेपर्यंत सरकारी दीनदयाळ रसोईची ५ रुपयांची थाळीच खरी.

कागद पूर्ण नसले तरी बँकेत ‘लहान खातं’ उघडतं. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, बास. शिल्लक ५० हजारांपर्यंत, महिन्याला १० हजार काढता येतात, मुदत बारा महिने. शाखेत ‘असं काही नसतं’ म्हणतील, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या नियमाचं नाव घ्या. खातं हवंच, कारण मजूर चौकातली रोजची कमाई कंबरेला बांधून कुणी खोलीइतके पैसे साठवू शकत नाही. समजा भाडं ३ हजार, तेवढंच ॲडव्हान्स, वर स्टोव्ह, भांडी, बादली, अंथरूण धरून दीड हजार. साडेसात हजार झाले. महिन्यात वीस दिवस काम आणि रोज १२५ बाजूला, तर तीन महिने. त्यात एक ताप आला की चार. तिघांनी मिळून खोली घेतली तर महिन्याभरात जमतं, आणि मालकही एकट्या माणसापेक्षा तिघांना लवकर हो म्हणतो. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद करायला आधारची प्रत लागतेच, म्हणजे पुन्हा तेच.

या क्रमात न बसणारे लोक आहेत. स्वतःशी बोलत फिरणारी बाई दिसली तर तिला रैन बसेऱ्यात ढकलून काही होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १००प्रमाणे तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं ठाण्याचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय त्यासाठीच आहे. एकट्या म्हाताऱ्यांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन.

आणि मतदार यादी. बेघराला फॉर्म ६ (नाव नोंदवायचा अर्ज) भरताना पत्त्याचा पुरावा लागत नाही. ‘अमुक दुकानाचा ओटा’ एवढं लिहिलं तरी चालतं. बीएलओने (मतदार यादीसाठी नेमलेल्या बूथच्या अधिकाऱ्याने) रात्री तिथे जाऊन, एकाहून जास्त रात्री, माणूस तिथेच झोपतो ना हे बघायचं असतं. त्यातल्या एखाद्या रात्री ग्रुपवरच्या फोटोमुळे गाडी आधी पोहोचली, तर बीएलओला ओटा रिकामा दिसतो.