संचालकांचा विमा: वाद वेगळा, अडचण वेगळी

पदावरच्या कामावरून कंपनीच्या संचालकांवर दावे झाले, तर त्यांच्या बचावाचा खर्च उचलतो तो संचालकांचा विमा. हा विमा म्हणजे घोटाळेबाजांना दिलेलं कवच, असं भारतातले माझे मित्र मला नेहमी ऐकवतात. मी लंडनमध्ये विमा ब्रोकिंगचं, म्हणजे कंपन्यांच्या वतीने विमा कंपन्यांकडून पॉलिसी मिळवून देण्याचं काम करतो, त्यामुळे हा सवाल थेट माझ्यापर्यंत येतो. कंपनी बुडाली, भागधारकांचे पैसे गेले, कामगारांचे पगार थकले आणि वरच्या साहेबांच्या वकिलांची फी मात्र विमा कंपनी भरणार, हा कुठला न्याय? २००९ च्या जानेवारीत सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातली फसवणूक पत्र लिहून कबूल केली, त्यानंतर या सवालाला जी धार आली ती रास्तच आहे.

पण त्याचं उत्तर बरंचसं आपल्याच कायद्यात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १९७ (१३) सांगतं की अशा विम्याचा हप्ता अधिकाऱ्याच्या मानधनात धरायचा नाही. मात्र तो दोषी ठरला, तर तोच हप्ता मानधनाचा भाग मानायचा. पॉलिसीही साधारण हेच म्हणते. अंतिम निकालात फसवणूक सिद्ध झाली की संरक्षण संपतं आणि तोवर बचावावर झालेला खर्चही विमा कंपनी परत मागू शकते. निकाल लागेपर्यंत वकील परवडावा, एवढंच काम हा विमा करतो. आणि ते काम मोठं आहे. वर्षातून मोजक्या बैठकांना येणाऱ्या स्वतंत्र संचालकालाही (कंपनीत इतर हितसंबंध नसलेल्या, बाहेरून नेमलेल्या संचालकालाही) कंपनीचा चेक न वटल्याच्या खटल्यात समन्स येऊ शकतं. मंडळाच्या कामकाजातून त्याला जे माहीत होतं, ज्याला त्याची संमती होती किंवा जिथे त्याने दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी, असं कलम १४९ (१२) म्हणतं. पण हे कोर्टात मांडायचं, तर खर्च येतोच. अमेरिकेत हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीच्या बाहेरच्या संचालकांना २००५ च्या तडजोडीत स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागले. तशी वेळ येणार असेल, तर जाणती, सचोटीची माणसं संचालक मंडळावर यायलाच कचरतील, आणि त्यात भागधारकांचंच नुकसान आहे.

म्हणून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने १ जानेवारी २०२२ पासून बाजारमूल्यात पहिल्या १००० कंपन्यांना स्वतंत्र संचालकांसाठी हा विमा सक्तीचा केला, ते मला पटतं. मात्र रक्कम किती आणि कोणत्या जोखमींसाठी, हे त्या नियमाने संचालक मंडळावरच सोडलं आहे. मग नियमाची पूर्तता म्हणून सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली तरी कागद पुरा होतो. ब्रिटनमध्ये कायद्याची सक्ती नाही. २००६ च्या कंपनी कायद्याने असा विमा घ्यायची मुभा दिली आहे, इतकंच. तरीही मी इथे असे संचालक पाहतो, जे पद स्वीकारण्याआधी पॉलिसीची प्रत मागवतात आणि अपवादांच्या, म्हणजे विमा कशासाठी पैसे देणार नाही त्या पानावर पेन्सिलने खुणा करून प्रश्न विचारतात. मला भारतातल्या चर्चेत हीच गोष्ट दिसत नाही. तिथे वाद विमा हवा की नको यावर आणि हप्ता किती यावर होतो. खरी अडचण तिसरीकडेच असते.

एक नेहमीचा प्रकार घ्या. मार्चमध्ये नियामकाचं पत्र येतं, काही व्यवहारांची माहिती मागणारं. आरोप नाही, दंड नाही. कंपनी सेक्रेटरी उत्तर पाठवतो आणि पत्र फाइलला लागतं. एप्रिलमध्ये पॉलिसी संपते आणि हप्ता कमी म्हणून विमा दुसऱ्या कंपनीकडे जातो. नोव्हेंबरमध्ये कारणे दाखवा नोटीस येते. या विम्यात चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला याला महत्त्व असतं. नवी कंपनी म्हणते, हे तुम्हाला आधीच माहीत होतं, विमा घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये सांगितलं नाहीत. जुनी म्हणते, आमच्या मुदतीत कळवलंच नाहीत. मार्चमध्येच जुन्या कंपनीला चार ओळींची ईमेल गेली असती, तर तिच्याकडून भरपाई मागायची वाट मोकळी राहिली असती.

ती ईमेल पाठवून घेणं हे ब्रोकरचं काम. पण ब्रोकरला फक्त तीन कोटेशनं आणायला बोलावलं, तर त्याला ते पत्र दिसणार कुठून? १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ कमिशनमधून सूट द्यायला मनाई करतं. तरी बोलणी सुरू होतात ती ‘किती कमी कराल’ इथूनच. ब्रोकरवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी मार्श या बड्या ब्रोकर कंपनीवर खटला भरला. विमा कंपन्यांकडून मिळणाऱ्या जादा कमिशनसाठी ग्राहकांची कामं वळवल्याचा आणि बनावट कोटेशनं मागवल्याचा तो आरोप होता. पुढच्या वर्षी ८५ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. तेव्हा तुमचं मानधन कोण देतं आणि किती, हे ब्रोकरला तोंडावर विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. त्यानंतर त्याच्याकडून पूर्ण काम वसूल करावं: कलमं समजावून घ्यावीत, वर्षभरात आलेली प्रत्येक नोटीस दाखवावी, दाव्याच्या वेळी शेजारी बसवावं.

सगळ्यात जास्त काळजी मला पद सोडलेल्या संचालकांची वाटते. पॉलिसीत सहसा माजी संचालकही धरलेले असतात, पण कंपनीने ती चालू ठेवली तरच. कंपनी दिवाळखोरीत गेली किंवा दुसऱ्याने विकत घेतली, की जुन्या निर्णयांवरचे दावे येत राहतात आणि पॉलिसी मात्र उरत नाही. इथे विक्रीच्या करारातच बहुधा सहा वर्षांचं पश्चात संरक्षण, म्हणजे विक्रीनंतर येणाऱ्या जुन्या दाव्यांसाठीचा विमा, लिहून घेतात, हप्ताही तेव्हाच भरून टाकतात. भारतात कंपनी विकताना हा मुद्दा वकिलांच्या मसुद्यात पहिल्या दिवशी यावा, कारण राजीनामा दिलेल्या माणसाला नंतर हे संरक्षण सहसा विकत घेता येत नाही.