‘परके देव घरात घेतले म्हणून रोम बुडालं’ : या दाव्यात कितपत तथ्य आहे?

‘रोम हे एका रक्ताचं, एका धर्माचं राष्ट्र होतं. पूर्वजांचे देव जपले तोवर त्याने जग जिंकलं. परके लोक आणि परके देव आत घेतले आणि ते बुडालं.’ हा मजकूर वेगवेगळ्या रूपांत सतत फिरत असतो. रोमनांना पूर्वजांचा जबरदस्त अभिमान होता, एवढं त्यात खरं आहे. बाकीची विधानं एकेक करून तपासायला हवीत.

‘एका रक्ताचं राष्ट्र’

रोमन लोक स्वतःच्या मुळाची जी कथा अभिमानाने सांगत, तीच या विधानाला छेद देते. त्यांचा मूळपुरुष एनिअस ट्रॉयहून परागंदा होऊन आलेला. रोम्युलसने कॅपिटोलिन टेकडीवर आश्रयस्थान उघडलं आणि आसपासचे लोक, स्वतंत्र की गुलाम हे न पाहता, वसवून घेतले, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. दुसरा राजा न्यूमा शेजारच्या साबाइन जमातीचा; पाचवा तार्क्विनियस रोमच्या उत्तरेच्या इट्रुरियातून आलेला आणि त्याचा बाप कोरिंथचा ग्रीक. या दंतकथाच आहेत. पण आपली ओळख सांगताना रोमनांना शुद्ध रक्ताची कथा रचावीशी वाटली नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

व्यवहारही तसाच होता. नागरिकाने आपल्या गुलामाला रीतसर मुक्त केलं की तो गुलाम रोमन नागरिक होई. इ.स.पू. 215 च्या सुमारास मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने लारिसा शहराला पत्र पाठवून याच पद्धतीचा दाखला दिला : रोमनांकडे पाहा, ते मुक्त गुलामांनाही नागरिक करून घेतात, म्हणून त्यांचं बळ वाढतं. शत्रूला जे दिसत होतं, ते आजच्या मजकुरातून गळलं आहे. इ.स. 48 मध्ये गॉलच्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) सरदारांना सेनेटमध्ये, म्हणजे रोमच्या राज्यकारभाराच्या सभेत, घेण्यासाठी सम्राट क्लॉडियसने भाषण केलं, तेव्हा त्याने याच परक्या राजांची उदाहरणं दिली. त्या भाषणाचा ब्राँझचा पत्रा फ्रान्समधल्या ल्योंला सापडला आहे.

‘परक्या देवांना थारा नव्हता’

हे तर साफ चूक आहे. परका देव आणण्याची रोमकडे ठरलेली सरकारी पद्धत होती. साथ, पराभव किंवा अशुभ चिन्ह दिसलं की सेनेट सिबिलाइन ग्रंथ, म्हणजे जुन्या भविष्यवाण्यांचे ग्रंथ, पाहायला सांगे. हे ग्रंथ ग्रीक पद्यात होते, ज्युपिटरच्या देवळात ठेवलेले, आणि ते उघडण्याचा अधिकार एका ठरावीक पुरोहित-मंडळालाच होता. मंडळाने उपाय सांगायचा, निर्णय सेनेटने घ्यायचा. इ.स.पू. 293 च्या साथीत अशाच सल्ल्याने ग्रीसमधल्या एपिडॉरसचा आरोग्यदेव आस्क्लेपियस आणायचं ठरलं; त्याचं देऊळ टायबर नदीतल्या बेटावर बांधलं गेलं.

सर्वांत बोलकं उदाहरण सिबेलीचं. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीतच ठाण मांडून होता. ग्रंथांच्या आधारे सेनेटने आशिया मायनरहून ही ‘महामाता’ आणवली : मूर्ती नव्हे, एक काळा दगड. इ.स.पू. 204 मध्ये पब्लियस स्किपिओ नासिका याने तो ऑस्टियाला उतरवून घेतला, कुलीन स्त्रियांनी हातोहात शहरात आणला, आणि इ.स.पू. 191 मध्ये पॅलेटाइन टेकडीवर, खुद्द रोम्युलसच्या टेकडीवर, तिचं देऊळ उभं राहिलं. मात्र तिच्या खच्ची पुजाऱ्यांत सामील व्हायला रोमन नागरिकाला बंदी होती. देवी घेतली, अटी आपल्या ठेवल्या.

यावर आक्षेप म्हणून इ.स.पू. 186 मध्ये सेनेटने बॅकस या मद्यदेवाच्या पंथावर केलेल्या कारवाईचा दाखला दिला जातो. त्या ठरावाचा ब्राँझचा पत्रा उपलब्ध आहे, तो वाचावा. सामायिक निधी नको, आपसांत शपथा नकोत, पुरुष पुजारी नको. ज्याला हा विधी करणं आवश्यकच वाटेल त्याने प्रेटर या न्यायाधिकाऱ्याकडे यावं. किमान 100 सदस्य हजर असताना सेनेटने परवानगी दिली तर विधी करता येईल, पण जास्तीत जास्त पाच जणांनी : दोन पुरुष, तीन स्त्रिया. सेनेटला धास्ती होती ती परवानगीशिवाय उभ्या राहणाऱ्या संघटनेची. देव परका आहे, ही तक्रार ठरावात कुठेच नाही.

‘पूर्वजांवरची अढळ श्रद्धा’

पूर्वजांची रीत, ज्याला ते ‘मोस मायोरुम’ म्हणत, ती प्रामुख्याने कर्मात होती. बळी द्यायच्या पशूच्या डोक्यावर शिंपडायचं खारं पीठच घ्या. 7 ते 14 मे या काळात दिवसाआड तीन ज्येष्ठ व्हेस्टल (अग्निदेवी व्हेस्टाच्या) पुजारिणी गव्हाच्या जुन्या जातीची कणसं स्वतः खुडत, भाजत, कुटत, दळत. मीठ मिसळायचं ते वर्षातून तीनदा, ठरलेल्या दिवशीच. मंत्र म्हणताना एक जण शब्द पुढे सांगे, दुसरा चूक होते का पाही, तिसरा शांतता राखे, आणि बासरीवाला वाजवत राही, म्हणजे अशुभ आवाज कानी पडू नये. शब्द चुकला, खंड पडला, तर विधी पहिल्यापासून. मनात काय आहे, हे कुणी विचारत नसे.

पूर्वजांचे मेणाचे मुखवटेही घराण्याच्या रक्तामुळे मिळत नसत. ज्याने मोठं सरकारी पद भूषवलं त्याचाच मुखवटा घरात लागे. अंत्ययात्रेत तो चढवून माणसं त्या-त्या पदाच्या पोशाखात चालत. आर्पिनम या लहान गावाहून आलेल्या सिसेरो या वक्त्याकडे असा एकही मुखवटा नव्हता, तरी तो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, झाला.

‘म्हणून रोम बुडालं’

सनावळीत हे बसत नाही. सिबेली आल्यावर सुमारे 320 वर्षांनी, इ.स. 117 मध्ये, साम्राज्य सर्वांत विस्तारलेलं होतं, आणि सम्राट ट्रेजन हिस्पानियात (आजच्या स्पेनमध्ये) जन्मलेला होता. पश्चिमेतला शेवटचा सम्राट 476 मध्ये पदच्युत झाला, तोवर जुन्या देवांच्या बळींवर ख्रिस्ती सम्राट थिओडोसियसने बंदी घालून आठ दशकं उलटली होती. पूर्वेकडचे लोक तर 1453 पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत.

‘देव सोडले म्हणून रोम पडलं’ हा आरोप 410 मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटल्यानंतर खरोखर झाला होता. तो ख्रिस्ती लोकांवर होता. त्याआधीच्या पिढीत जुन्या धर्माची बाजू लढवणाऱ्या सेनेटरांत प्रेटेक्स्टेटस अग्रणी होता. 384 मध्ये तो वारला. त्याच्या स्मारकलेखात त्याच्या धार्मिक मानांची यादी कोरली आहे, आणि त्या यादीत महामातेच्या, म्हणजे परक्या सिबेलीच्या, वृषभबळीची दीक्षाही आहे.