ग्राइंडरचं गार्ड काढणाऱ्याला नावं ठेवण्याआधी

पुण्यात कुठल्याही सोसायटीत फ्लॅटचं काम चालू असलं की तेच दिसतं. चार इंची ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने कापायचं हातातलं मशीन, चकतीवरचं संरक्षक झाकण म्हणजे गार्ड गायब, डोळे उघडे, तोंडाला रुमाल. जिन्यातून जाणारा म्हणतो, "या लोकांना जिवाची पर्वाच नाही." मला हे पटत नाही. गार्ड सहसा आळसाने निघत नाही, हाताशी योग्य मशीन नसल्यामुळे निघतं.

चार इंची चकती खोल कापाला पुरत नाही, मोठं मशीन साइटवर नाही, मग त्याच मशीनवर सात इंची चढवतात. गार्ड आड येतं, म्हणून ते उतरतं. आता चकतीवरचं बारीक छापलेलं वाचा. सात इंचीवर 8,500 आरपीएम (मिनिटाला फेरे) ही कमाल मर्यादा असते, आणि चार इंची मशीन 11,000 च्या आसपास फिरतं. चकती फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथं दीडपटीहून जास्त. त्यात सात इंचीचं भोक 22 मिमीचं, चार इंचीचं 16. मधे वायसर कोंबून भागवलं की चकती केंद्रातून सरकते आणि थरथरते. ती फुटली तर तुकडे अडवायला गार्ड नाहीच.

लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं याहून वाईट. दाता गाठीत अडकला की मशीन हातातून उसळतं, आणि पुढे असते मांडी किंवा मान. लाकडाला सर्क्युलर सॉ, विषय संपला.

मशीन उसळण्याचा असा झटका साध्या चकतीनेही बसतो. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधे कापला की शेवटी तो खाली झुकतो, काप मिटतो आणि चकती चिमटीत सापडते. टेकू कापाच्या जवळ द्या, कापून पडणारं टोक मोकळं ठेवा. दोन्ही हात मशीनवर, बाजूचा दांडा लावलेला, आणि आपण चकतीच्या रेषेत उभं राहायचं नाही. नवी चकती बसवली की मिनिटभर मोकळी फिरवून बघा. मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत छापलेली असते, तीही बघा. पावसाळ्यात ओल खाल्लेली चकती सरळ फेकून द्या. सैल सुती हातमोजा मात्र नको, तो चकतीत ओढला जातो.

फरशी आणि ग्रॅनाइटची धूळ हा वेगळाच प्रकार. त्यातली सिलिका फुप्फुसात कायमची बसते, त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. रुमाल त्यापुढे शोभेचा. पाणी सोडणारा मार्बल कटर आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 लागतो. पाणी आलं की शॉकचा धोका आलाच, म्हणून प्लग 30 मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवरच, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरच हवा, आणि त्याचं टेस्ट बटण काम सुरू करण्याआधी दाबून बघायचं.

गॉगल, फेसशील्ड, मास्क हे सगळं पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारात, बोहरी आळीत, एका फेरीत मिळतं. इटालियन मार्बल निवडणाऱ्या घरमालकाला हा खर्च जाणवणारही नाही. रोजंदारीवरच्या माणसाने तो स्वतःच्या खिशातून करावा, ही अपेक्षाच मला निर्लज्ज वाटते. कोटेशन मागतानाच कंत्राटदाराकडून लिहून घ्या: मोठ्या कापाला मोठं मशीन, गार्डसकट, आणि साहित्याच्या यादीत मास्कचा डबा. त्याने त्यासाठी दर वाढवला तर तेवढ्यावर घासाघीस करू नका.