एरिन फिलिप्स बाहेरून आली नव्हती

एरिनवरच्या माझ्या लेखाखालची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बास्केटबॉलवाली बाई 31 व्या वर्षी फूटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये येते आणि महिलांच्या लीगच्या (AFLW) पहिल्याच सीझनला लीगची बेस्ट प्लेअर ठरते, म्हणजे लीगचाच दर्जा कमी, आणि मी उगाच भावुक होऊन तिला डोक्यावर घेतलंय.

खेळ कच्चा होता हे खरंय. त्या पहिल्या सीझनची, 2017 ची फायनल एरिनच्या अॅडलेडने ब्रिस्बेनविरुद्ध 35-29 पॉइंटनी जिंकली, एका गोलचे 6 पॉइंट असतात, म्हणजे दोन्ही टीमचे मिळून आठच गोल. पण त्या पोरींना त्या सीझनचे कमीत कमी मिळत होते 8,500 डॉलर, त्यात घर चालतं का? दिवसभर नोकरी करायची, संध्याकाळी प्रॅक्टिसला पळायचं, आणि तुलना कुणाशी, तर वर्षभर पगार घेऊन फक्त फूटी खेळणाऱ्या पुरुषांशी.

आणि एरिन बाहेरची कशी हो? तिचे वडील ग्रेग फिलिप्स, पोर्ट अॅडलेड या फूटी क्लबकडून 8 प्रीमियरशिप, म्हणजे लीगची टायटल जिंकलेला माणूस. पोरगी लहानपणापासून मुलांच्या टीममधून खेळायची, 13 वर्षांची झाली आणि बास, यापुढे मुलांबरोबर खेळता येणार नाही, आणि मुलींसाठी पुढे काही नव्हतंच. म्हणून ती बास्केटबॉलकडे गेली. तिथे काय केलं तेही बघा, 2006 ला वर्ल्ड चॅम्पियन, 2008 ला बीजिंगमध्ये सिल्व्हर, अमेरिकेत 2012 ला इंडियानाकडून आणि 2014 ला फिनिक्सकडून टायटल. एवढ्या ताकदीची खेळाडू स्वतःच्या आवडत्या खेळापासून 18 वर्षं लांब राहिली, आणि परत आल्यावर पहिल्या सीझनला सगळ्यांच्या पुढे गेली. यात मला लीगची कमजोरी दिसत नाही, ती 18 वर्षं वाया गेली याचा राग येतो. तिच्यासारख्या किती जणी 13 व्या वर्षी थांबल्या आणि दुसरा कुठला खेळही मिळाला नाही, त्यांची तर नावंही आपल्याला माहीत नाहीत.

आता भावुकपणाचं. 31 मार्च 2019 ला मी लेकीला घेऊन अॅडलेड ओव्हलवर होते, 53,034 माणसं. अॅडलेड विरुद्ध कार्लटन, फायनल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एरिनचा डावा गुडघा गेला, एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य लिगामेंट. आमच्या शेजारी कार्लटनचा निळा स्कार्फ घातलेल्या एक आजी बसल्या होत्या, त्यांची टीम सपाटून हरत होती, तरी स्ट्रेचर निघालं तसं त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या, मग सगळं स्टेडियमच उभं. लेक मला विचारते, आई आपण जिंकतोय ना, मग तू का रडतेस. मॅच 63-18 अशी संपली, आणि मॅच पूर्ण न खेळताही त्या दिवशीची बेस्ट प्लेअर एरिनच. त्या वर्षीचा लीगचा अवॉर्डही तिलाच, दुसऱ्यांदा. लेखात हे लिहिताना मी भावुक झाले असेन, तरी तो परिच्छेद मी बदलणार नाही.

गुडघ्याच्या त्या दुखापतीनंतरही ती परत आली, 2022 ला 36 व्या वर्षी तिसरी प्रीमियरशिप जिंकली, आणि त्याच वर्षी वडिलांच्या पोर्ट अॅडलेडच्या महिला टीमची पहिली कॅप्टन झाली. 2023 ला रिटायर झाली. पहिल्या सीझनमध्ये कुणीतरी चमकून गेली, एवढ्यावर हे करिअर निकालात काढता येत नाही.

पहिला सीझन चार महिन्यांचा होता असं मी लेखात लिहिलं होतं ते मात्र साफ चुकलं, दोन महिनेही नव्हता, 3 फेब्रुवारी ते 25 मार्च. तुम्ही दाखवलंत म्हणून कळलं, लेखात दुरुस्त केलंय.