‘मराठी (भारत)’ निवडलं म्हणून मराठी बाटत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय. म्हणे, फोनला नुसतं ‘मराठी’ लावा, ‘मराठी (भारत)’ ही हिंदी वळणाची असते; मराठी लावली की आकडे देवनागरीतच अडकतात; घरातल्या कन्नड-तेलुगूला जागा उरत नाही; आणि सोलापुरी बोलीची तर सॉफ्टवेअरमध्ये सोयच नाही.

कंसातला ‘भारत’ फक्त प्रदेश सांगतो. पोर्तुगीजला ब्राझील आणि पोर्तुगालसाठी खरोखर वेगळे अनुवाद लागतात, मराठीला तसं काही नाही. संगणकावरच्या लिप्या-भाषांचे नियम ठरवणाऱ्या युनिकोड या संस्थेच्या सीएलडीआर या भाषा-माहितीच्या साठ्यात महिन्यांची नावं, तारखांची मांडणी वगैरे सगळं नुसत्या ‘मराठी’खाली असतं आणि ‘मराठी (भारत)’ तिथूनच उचलते. मेनूतली मराठी हिंदीसारखी वाटते हे मात्र खरंय, अनेकदा असतेच. तो दोष अनुवाद करणाऱ्याचा.

आकड्यांबाबत मेसेज अर्धा बरोबर. सीएलडीआरमध्ये मराठीचे आकडे मुळात देवनागरी, हिंदीचे मात्र इंग्रजी! पण अडकत कुणी नाही: अँड्रॉइड १४ मध्ये आकड्यांची पसंती वेगळी निवडता येते.

कन्नड-तेलुगूचं तर सोपं आहे. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, एकाहून जास्त भाषा क्रमाने लावता येतात. अँड्रॉइड १३ पासून ॲपागणिक भाषा बदलता येते, अर्थात ॲपने ती सोय दिली असेल तर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात एकाच फोनवर दोन्ही भाषा सुखाने नांदतात.

आता बोली. वऱ्हाडी आणि अहिराणीला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे तीन अक्षरी कोड आहेत, सोलापुरीला नाही. तरी भाषा-कोडच्या नियमांत ‘एक्स’नंतर खासगी नाव जोडायची मुभा आहे, एका तुकड्यात जास्तीत जास्त ८ रोमन अक्षरं. ‘सोलापुरी’ बरोबर आठांत बसतं. तेव्हा ‘एमआर-आयएन-एक्स-सोलापुरी’ (एमआर म्हणजे मराठी, आयएन म्हणजे भारत) हा कोड नियमात आहे. त्यात ॲपची चाळीसच वाक्यं बदलली तरी चालतं; बाकीची वाक्यं ॲप ‘मराठी (भारत)’मधून, तिथे नसतील तर ‘मराठी’मधून घेतं. सगळं ॲप नव्याने लिहावं लागत नाही.

फोनच्या यादीत हे नाव येणार नाही, ॲपनेच आपल्या सेटिंगमध्ये पर्याय ठेवायचा. बँकेच्या ॲपने मला ‘पासवर्ड चुकला बे’ म्हणावं असं काही वाटत नाही. हुरड्याच्या बुकिंगचं ॲप असेल, तर जरूर म्हणावं.