स्मार्ट क्लास कसा चालवावा?

गेल्या सोमवारी रात्री पावणेदहाला शाळेच्या ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. चौथीचं गणिताचं पुस्तक. खाली सूचना: 'पुस्तकं अजून आलेली नाहीत. प्रिंट काढून मुलांसोबत पाठवणे.' तेव्हापासून मी डिजिटल शिक्षणाचा भक्त झालोय. कर्नाटकात, आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आणखी कुणाला आपली मराठी शाळा स्मार्ट करायची असेल, तर हे बोल गाठीला बांधा.

आधी टीव्ही आणा. मोठा आणा, म्हणजे भिंतीची ओलही झाकली जाते. उद्घाटनाला फीत कापणारा, नारळ फोडणारा आणि फोटोत घुसणारा असे तिघे वेगवेगळे हवेत. पोरांना मागं उभं करा. मग टीव्हीला प्लॅस्टिक गुंडाळा आणि रिमोट हेडमास्तरांच्या कपाटात ठेवा. पाऊस संपला की काढायचा. आमच्याकडं पाऊस कधी संपतो ते विचारू नका.

शाळा कणकुंबीच्या अंगाला, जंगलात, रेंज नसलेल्या जागी असेल तर 'ऑनलाइन' हा शब्द जपून उच्चारा. पोरं हसतात.

पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा आणि गोल फिरताना बघत बसा. नशिबानं व्हिडिओ उघडलाच तर तो कानडीत. (कानडीशी माझं भांडण नाही. पोरगी शाळेत शिकतेच, बाजारात माझ्यापेक्षा बरी बोलते. पण मराठी पुस्तकातल्या अपूर्णांकानं तरी मराठीत बोलावं की.)

गृहपाठ ग्रुपवरच द्यावा, रात्री नऊच्या पुढं. फोन बापाकडं असतो आणि बाप बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात सेकंड शिफ्टला, नाहीतर गोव्यात कामावर, हे ध्यानात आणू नये. आणि पीडीएफ तर पाठवावीच! दीडशे पानं, पानाला दोन रुपये, वर खानापूरला जायचं एसटीचं भाडं. झेरॉक्सवाला म्हणाला, "आज हे सातवं पुस्तक, दादा. शाळेनंच का काढलं नाही?" मी काय सांगणार? घरी आणून पोरीपुढं ठेवलं. अपूर्णांकाचा धडा. गोलाचे चार भाग, त्यातला एक रंगवलेला. पुस्तकात तो केशरी असेल, निळा असेल. झेरॉक्समध्ये अख्खा गोल काळा ठिक्कर. पोरगी बोट ठेवून विचारते, "बाबा, ह्यातला पाव कुठला?" पावच काय, अर्धाही दिसत नव्हता. शेवटी आज्जीनं भाकरी मोडून दाखवली. हे तंत्रज्ञान आमच्या चुलीपाशी फार वर्षांपासून आहे, त्याला पासवर्ड लागत नाही.

स्वीडनसारख्या मागासलेल्या देशानं २०२३ साली पोरांच्या हातात परत छापील पुस्तकं द्यायला पैसे काढले. त्यांचं काय घेऊन बसलात!

शिक्षकांच्या हातात मोबाईल सतत राहील अशी व्यवस्था करा. हजेरी मोबाईलवर, आहाराचे आकडे मोबाईलवर, कुणाला अंडं दिलं, कुणाला केळं, तेही तिथंच. उरलेल्या वेळात दोन वर्ग एकत्र बसवून शिकवावं. बाईंना बोललो तर म्हणाल्या, "वरून मागतात हो, मी तरी काय करू?" खरं आहे. २०२५च्या दसऱ्यात राज्याच्या सर्वेक्षणाचं ॲप घेऊन मास्तरांनाच दारोदार फिरवलं. ॲप चाललं की मुलं शिकली, असा हिशोब आहे.

आता पुरे झालं. अहो, चौथीच्या पोराला पुस्तक देता येत नाही तुम्हाला, आणि टीव्हीचे फोटो काढता? २०२०मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सरकारच्या 'विद्यागम' योजनेत ह्याच मास्तरांनी देवळाच्या कट्ट्यावर पोरांना बसवून शिकवलं. हातात खडू होता, समोर पोरं होती. आज शाळा उघडी आहे, टीव्ही आहे, आणि दुसऱ्या वर्गाला मास्तर नाही. ती जागा भरा आधी. पुस्तकं जूनमध्ये पोचवा. आणि आपण पालक काय करतो? पीडीएफ आली की खाली अंगठा दाखवतो. मीसुद्धा दाखवला, पहिला माझाच होता. लाज वाटायला पाहिजे.

शनिवारी अकराला एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या पालक-समितीची मीटिंग आहे. मी ती झेरॉक्स घेऊन येतोय, अपूर्णांकाचं पान वर ठेवून. तुम्हीही आपापली आणा.